मराठी अक्षरलेखन

मराठी अक्षरलेखन ही मराठी मजकूर देवनागरी (बाळबोध) आणि मोडी या लिपींत हाताने रेखण्याची कला व व्यवसाय आहे. बोरूने केलेले सुलेखन, पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांची कुंचल्याने काढलेली शीर्षके, दुकानांच्या रंगवलेल्या पाट्या, तसेच छपाईच्या खिळ्यांसाठी किंवा संगणकीय टंकांसाठी (फाँट) काढलेली मूळ अक्षरे यांचा त्यात समावेश होतो. एकोणिसाव्या शतकातील मुद्रणकला, विसाव्या शतकातील टंकलेखनयंत्र व संगणक आणि २०२० च्या दशकातील चित्रनिर्मिती करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणाली या प्रत्येक तंत्राने या कलेचा काही भाग स्वतःकडे घेतला. प्रत्येक नव्या तंत्राच्या आरंभी देवनागरी अक्षरांच्या रूपाला काही तडजोडी सोसाव्या लागल्या. त्या दूर करण्याचे काम मुख्यतः हाताने अक्षर काढण्याचे शिक्षण घेतलेल्या कारागिरांनी व कलावंतांनी केले. त्यामुळे हे कौशल्य टिकविण्याचा प्रश्न केवळ एका जुन्या कलेच्या जतनाचा नसून पुढील काळात मराठी मजकूर निर्दोष आणि वाचनीय दिसेल की नाही याच्याशीही निगडित आहे.

लिपीचे स्वरूप आणि लेखनतंत्र

देवनागरी लिपी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. बहुतेक अक्षरे शिरोरेषेखाली लटकलेली असतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार ही स्वरचिन्हे व इतर चिन्हे व्यंजनाच्या पुढे, मागे, वर किंवा खाली येतात. दोन किंवा अधिक व्यंजने एकत्र आली की जोडाक्षर तयार होते. काही जोडाक्षरांत व्यंजनाचा अर्धा भाग पुढील अक्षरास जोडला जातो, काहींत एक व्यंजन दुसऱ्याखाली बसते, तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांसारख्या जोडाक्षरांत मूळ व्यंजने ओळखू येत नाहीत. त्यामुळे रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरीत प्रत्यक्ष काढाव्या लागणाऱ्या आकृत्यांची संख्या पुष्कळ अधिक आहे.

‘र’ या एका व्यंजनाची रूपे हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. ‘सूर्य’ या शब्दात तो रफार होऊन शिरोरेषेवर जातो, ‘चक्र’ या शब्दात तिरकी रेघ होऊन ‘क’ला चिकटतो, ‘राष्ट्र’ या शब्दात ‘ट’खाली येतो आणि ‘सुऱ्या’ या शब्दात ‘य’च्या आधी आडव्या वळणाच्या रूपात दिसतो. यांपैकी शेवटचे रूप मराठीत अर्थभेद करते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन होय. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील फरकही एवढ्या एका वळणावर अवलंबून असतो. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. अक्षरलेखकाला या सर्व रूपांची आकृती, त्यांचे परस्पर प्रमाण आणि त्यांच्यातील मोकळी जागा यांचे ज्ञान असावे लागते.

पारंपरिक लेखनसाधन म्हणजे बोरू. बोरूची कांडी तासून तिच्या टोकाला तिरका छेद दिला जातो. देवनागरीसाठी हा छेद रोमन सुलेखनाच्या लेखणीच्या छेदाच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे अक्षराचा कोणता भाग जाड आणि कोणता बारीक व्हावा हे लेखणीचा कोन आणि हाताची दिशा यांवरून आपोआप ठरते. कोन न बदलता अक्षर काढले तर जाड आणि बारीक भागांची वाटणी सर्व अक्षरांत सारखी राहते आणि संपूर्ण ओळीला एक लय प्राप्त होते. पुढे धातूच्या खिळ्यांत आणि संगणकीय टंकांत जाड-बारीक भागांची जी विभागणी रूढ झाली, तिचे मूळ बोरूच्या या कोनात आहे.

हे कौशल्य शिकविण्याची जुनी पद्धत म्हणजे कित्ता. वळणदार अक्षरांचा नमुना समोर ठेवून किंवा त्यावरूनच लेखणी फिरवून विद्यार्थी अक्षर घोटत असे. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार या पद्धतीवरून मराठीत आला.

इतिहास

हस्तलिखिते आणि मोडी

मुद्रणापूर्वी मराठीत दोन लेखनपरंपरा नांदत होत्या. धार्मिक व वाङ्मयीन पोथ्या प्रामुख्याने बाळबोध लिपीत सुट्या, ठसठशीत अक्षरांत लिहिल्या जात. दफ्तरातील पत्रे, हिशेब आणि हुकूम मोडीत लिहिले जात. मोडीमध्ये शिरोरेषा आधी आखून घेतली जाते आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे एकमेकांना जोडत नेली जातात. त्यामुळे मोडीचे लेखन वेगवान झाले. मात्र लेखकागणिक वळण बदलत असल्याने तिचे वाचन कठीण ठरते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती. त्यानंतर तिचा वापर थांबला आणि ती वाचू शकणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली.

मुद्रणाचा प्रवेश

मराठी लिपी आणि यंत्र यांच्यातील पहिली अडचण गोव्यात दिसून आली. तेथे १५५६ मध्ये छापखाना सुरू झाला होता. तरीही फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी काव्य ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते.

बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापण्यात आले. त्यांचा १८१० मधील मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात लेखकाने लिहिलेले अक्षर दगडावर उतरवून त्याचे ठसे काढले जात. त्यामुळे या तंत्रात हस्ताक्षराचे वळण टिकून राहिले.

खिळ्यांच्या छपाईत परिस्थिती वेगळी होती. प्रत्येक अक्षर स्वतंत्र धातूच्या ठोकळ्यावर असल्याने शिरोरेषा तुटत असे आणि वरखाली येणारी चिन्हे बसविण्यासाठी विशेष योजना करावी लागे. देवनागरीच्या पूर्ण संचाला शेकडो खिळे लागत आणि ते ओळखून भराभर जुळविणे हे जुळाऱ्याचे स्वतंत्र कौशल्य होते. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांनी मुंबईत १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे पोलादी पंचावर अक्षर कोरणारे निष्णात कारागीर होते. त्यांनी कोरलेल्या सुबक अक्षरांमुळे निर्णयसागरचे खिळे देशभर प्रसिद्ध झाले आणि संस्कृत व मराठी ग्रंथांच्या छपाईत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. लहान पोलादी तुकड्यावर अक्षर उलटे कोरणारा हा कारागीर बोरूचे वळण धातूत उतरवीत होता. हाताचे कौशल्य येथे नाहीसे न होता लेखनातून कोरीव कामात स्थलांतरित झाले.

यंत्रासाठी लिपी की लिपीसाठी यंत्र

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिनोटाइप आणि टंकलेखनयंत्र यांच्या मर्यादित कळांवर देवनागरी बसविण्याचे प्रयत्न झाले. खिळ्यांची संख्या कमी व्हावी यासाठी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईच्या संदर्भात प्रयत्न केले. वि. दा. सावरकर यांनी ‘इ’, ‘उ’, ‘ए’ या स्वरांऐवजी ‘अ’ला स्वरचिन्हे जोडून ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असे लिहिण्याची पद्धत पुरस्कारिली. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेतही लिपीत सुधारणा सुचविण्यात आल्या. या प्रयत्नांमागील प्रश्न समान होता: यंत्राच्या सोयीसाठी लिपी बदलावी की लिपीला साजेसे यंत्र घडवावे.

टंकलेखनयंत्रावर प्रत्येक चिन्हाला ठराविक रुंदी मिळत असल्याने अरुंद ‘र’ आणि रुंद ‘क्ष’ यांना जवळपास सारखीच जागा व्यापावी लागे. जोडाक्षरे अर्ध्या चिन्हांतून जुळवावी लागत. कार्यालयीन कामासाठी हे रूप स्वीकारले गेले, तरी पुस्तकांच्या छपाईत आणि शीर्षकांत ते मान्य झाले नाही. ल. श्री. वाकणकर यांचा ‘गणेशविद्या’ (१९६८) हा ग्रंथ आणि बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ (१९७१) यांमुळे अक्षररूपांच्या अभ्यासाला शास्त्रीय पाया मिळाला. अर्ध्या खिळ्यांवर अडून बसलेली सुधारणेची चर्चा संगणक आल्यानंतर मागे पडली, कारण कळांच्या संख्येचे बंधन त्यात उरले नाही.

व्यावसायिक अक्षरलेखन

खिळ्यांच्या मर्यादा जाणवत असल्याने जाहिराती, मुखपृष्ठे आणि भित्तिपत्रके यांवरील मोठी अक्षरे विसाव्या शतकात बहुधा हातानेच काढली जात. मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालयात १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि अक्षरलेखन हा त्याच्या शिक्षणाचा भाग बनला. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्यासारख्या चित्रकारांच्या मुखपृष्ठांवर चित्र आणि शीर्षक यांची रचना एकत्रितपणे होत असे.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे आहे. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी त्यांनी असंख्य शीर्षके रेखली. नाटकाचा विषय आणि प्रकृती अक्षराच्या आकारातूनच सूचित व्हावी, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. काळ्या-पांढऱ्या वृत्तपत्रातील काही इंचांच्या जागेत प्रेक्षकाचे लक्ष वेधून घेणारे शीर्षक ही नाट्यव्यवसायाची व्यावहारिक गरज होती. या गरजेतून मराठी अक्षरलेखनाची एक स्वतंत्र शैली विकसित झाली.

सुलेखनाच्या क्षेत्रात अच्युत पालव यांनी मोडी हस्तलिखितांचा अभ्यास करून मोडी आणि देवनागरी यांच्या वळणांचा मेळ घालणारी शैली विकसित केली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

संगणकयुग

१९८० च्या दशकात भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानक म्हणून सुधारित रूप मिळाले. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ स्थानांचा विभाग मिळाला. या विभागात जोडाक्षरांसाठी वेगळी स्थाने नाहीत. ‘क्ष’ हे अक्षर ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशा क्रमाने साठवले जाते. ‘कि’मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसत असली तरी संगणकात ती ‘क’नंतर नोंदवली जाते. साठवलेल्या क्रमावरून योग्य आकृती निवडणे आणि ती योग्य जागी बसविणे ही कामे टंकातील नियम करतात. जुळारी हाताने करीत असलेले काम आता टंकरचनाकाराने आधीच लिहून ठेवलेल्या नियमांकडे गेले.

युनिकोडचा प्रसार होईपर्यंतच्या काळात डीटीपी व्यवसायात श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणाली वापरल्या जात. त्यांच्या संकेतांत एकवाक्यता नव्हती. एका टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळातील पुष्कळ मराठी मजकूर यामुळे आजही रूपांतर केल्याशिवाय शोधता किंवा वाचता येत नाही.

या स्थित्यंतरातील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८). कवी, सुलेखनकार आणि जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक असलेल्या जोशी यांनी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. त्यानंतर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी भारतीय लिपींच्या टंकांवर काम केले. विंडोज २००० या प्रणालीसोबत आलेला ‘मंगल’ हा टंक त्यांनी रेखला. जगभरातील कोट्यवधी संगणकांवर देवनागरी ज्या रूपात प्रथम दिसली ते रूप बोरू हाताळलेल्या कलावंताचे होते.

मराठीच्या स्वतःच्या गरजा मात्र टंकांत उशिरा पोचल्या. अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे मूलभूत मानली गेली. इंग्रजी शब्दांतील उच्चारासाठी मराठीत लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची प्रमाण वळणे निश्चित केली. त्यानंतर राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे युनिकोड टंक उपलब्ध करून दिले. मुंबईतील एक टाइप या टंकरचनाकारांच्या समूहाने ‘मुक्त’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ यांसारखे टंक खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. ‘मोदक’ या टंकातील अतिशय जाड, फुगीर अक्षरे हस्तरेखित शीर्षकांच्या परंपरेची आठवण करून देतात.

रंगवलेल्या पाट्या आणि फ्लेक्स

गावोगावच्या दुकानांचे फलक, भिंतींवरील जाहिराती, ट्रकच्या मागील मजकूर आणि एसटी गाड्यांच्या पाट्या रंगविणारा कारागीर ‘पेंटर’ या नावाने ओळखला जातो. हे कौशल्य बहुधा महाविद्यालयाबाहेर, एखाद्या अनुभवी पेंटरच्या हाताखाली शिकले जात असे. फलकावर खडूने रेषा आखणे, मजकुराची लांबी डोळ्यांनी जोखून अक्षरांची रुंदी ठरविणे, तेलरंगात अक्षर भरणे आणि शेवटी त्याला छाया देऊन उठाव आणणे असा कामाचा क्रम असे. फलकाच्या कोपऱ्यात पेंटर आपले नाव लिहीत असे व तीच त्याची जाहिरात ठरे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लेक्सवरील डिजिटल छपाई पसरू लागली. मोठा फलक काही तासांत आणि कमी खर्चात तयार होऊ लागल्याने पेंटरांचे काम झपाट्याने कमी झाले. अनेकांनी हा व्यवसाय सोडला, तर काहींनी स्वतः संगणक शिकून फ्लेक्सची दुकाने चालविली. अक्षरे ठराविक टंकांतून निवडली जाऊ लागल्याने वेगवेगळ्या गावांतील फलकांचे रूप एकसारखे झाले. अक्षरांना आडवे किंवा उभे ताणून जागेत बसविण्याची सवय रूढ झाली. हाताने लिहिताना अक्षर रुंद केले तरी रेघेची जाडी कायम ठेवली जाते, पण यांत्रिक ताणात उभ्या आणि आडव्या रेघांचे प्रमाण बिघडते.

महाराष्ट्रात २०२२ च्या कायदेशीर दुरुस्तीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसह सर्व दुकाने व आस्थापनांना मराठी देवनागरीत नामफलक लावणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशीही तरतूद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना याच्या अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांचा अवधी दिला. या तरतुदींमुळे मराठी फलकांची संख्या वाढली. कायदा अक्षराच्या आकारमानाविषयी बोलतो. त्याची घडण आणि शुद्धता मात्र फलक तयार करणाऱ्याच्या जाणकारीवर अवलंबून राहते.

पेंटरांची अक्षरे जतन करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कलावंत हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी भारतातील रस्त्यांवरील पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकीय टंक तयार करण्याचा प्रकल्प राबविला.

कृत्रिम बुद्धिमत्ता

कार्यपद्धती आणि त्रुटी

२०२२ मध्ये दाल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन या प्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या आणि शब्दांत वर्णन करून चित्र मिळविणे शक्य झाले. अशा प्रणाली फार मोठ्या चित्रसंग्रहावर प्रशिक्षित केलेल्या असतात. चित्र तयार करताना त्या यादृच्छिक ठिपक्यांपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने वर्णनाशी जुळणारी आकृती घडवितात. संगणकीय टंकात अक्षर हे निश्चित संकेत आणि निश्चित आकृती यांची जोडी असते. चित्रनिर्मितीत मात्र अक्षरसुद्धा झाडाची पाने किंवा कापडाची वीण यांसारखा एक दृश्य पोत म्हणूनच हाताळले जाते.

पहिल्या पिढीतील या प्रणाली इंग्रजी मजकूरही अनेकदा चुकीचा काढीत. देवनागरीत ही त्रुटी अधिक तीव्र होती. शिरोरेषेखाली अक्षरासारखी दिसणारी, परंतु कोणतेही अक्षर नसलेली वळणे उमटत. याची कारणे लिपीच्या रचनेत आणि प्रशिक्षणाच्या सामग्रीत आहेत. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या चित्रांची वर्णने मोठ्या प्रमाणात इंग्रजीत होती आणि देवनागरी मजकूर असलेल्या चित्रांचे प्रमाण कमी होते. शिवाय एका जोडाक्षरातील घटक वरखाली आणि मागेपुढे विखुरलेले असल्याने त्यांचा परस्परसंबंध अल्प उदाहरणांवरून पकडणे कठीण जाते.

नंतरच्या प्रणालींमध्ये ही स्थिती सुधारली असून लहान व नेहमीचे शब्द पुष्कळदा अचूक उमटतात. लांब वाक्ये, बारीक अक्षरे आणि विरळ जोडाक्षरे यांत चुका आढळतात: रफार चुकीच्या अक्षरावर जाणे, ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ होणे, अनुस्वार गळणे किंवा ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ येणे. चित्र देखणे असल्यामुळे अशी चूक घाईत नजरेतून सुटू शकते. निमंत्रणपत्रिका, शुभेच्छाचित्र किंवा फलक यांवर एकदा छापले गेलेले चुकीचे रूप लोकांच्या नजरेला सवयीचे होते. ते महाजालावर गेल्यास पुढील प्रणालींच्या प्रशिक्षणसामग्रीतही मिसळू शकते. या कारणाने अनेक आरेखक केवळ चित्र प्रणालीकडून घेतात आणि अक्षरे टंकात किंवा हाताने स्वतंत्रपणे बसवितात.

उपयोग

कृत्रिम बुद्धिमत्तेचा अक्षरलेखनाला उपयोगही होत आहे. देवनागरी टंकात शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. त्यांतील मूळ घटक निश्चित झाल्यावर उरलेल्या आकृत्यांचा कच्चा आराखडा तयार करणे, अक्षरांमधील अंतर सुचविणे आणि त्रुटी शोधणे अशी पुनरावृत्तीची कामे यंत्राकडे सोपविता येतात. जुन्या छापील पुस्तकांचे संगणकीय मजकुरात रूपांतर करणाऱ्या प्रणालीही याच तंत्रावर आधारलेल्या आहेत.

मोडीच्या संदर्भात हा उपयोग विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील आणि तंजावर येथील संग्रहांत मोडी कागदपत्रे मोठ्या संख्येने आहेत, परंतु ती वाचणारे थोडे आहेत. २०२५ मध्ये रुडकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मोडी हस्तलिखितांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा व त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांचा संच, तसेच त्यावर प्रशिक्षित केलेली प्रणाली मांडली. अशा संचातील प्रत्येक प्रतिमेचे अचूक लिप्यंतर मोडी जाणणाऱ्या माणसानेच तपासावे लागते. ज्या कौशल्याची उणीव यंत्राने भरून काढावी अशी अपेक्षा आहे, त्याच कौशल्यावर यंत्राचे प्रशिक्षण अवलंबून राहते.

कायदेशीर बाबी

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार रेखाटन आणि चित्र यांना कलाकृती म्हणून संरक्षण मिळते. विशिष्ट शीर्षकासाठी हाताने काढलेली कलात्मक अक्षररचना या व्याख्येत येऊ शकते. मुद्राक्षरांच्या आकृतिसंचाला मात्र कलाकृती म्हणून नोंदणी देण्यास प्रताधिकार मंडळाने २००२ मध्ये नकार दिला होता. संगणकीय टंकाची आज्ञावली संगणकप्रणाली म्हणून संरक्षित मानली जाते. एखाद्या कलावंताची शैली ही कल्पना समजली जात असल्याने तिला स्वतंत्र संरक्षण नाही. त्यामुळे प्रणालीने विशिष्ट अक्षरलेखकाच्या शैलीचे अनुकरण केल्यास त्याला दाद मागणे कठीण जाते. प्रताधिकार असलेली सामग्री प्रशिक्षणासाठी विनापरवाना वापरता येते का, हा प्रश्न एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या खटल्यामुळे चर्चेत आला.

मराठी अक्षरलेखकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांचे पुष्कळसे काम वृत्तपत्रातील जाहिराती, भित्तिपत्रके आणि फलक यांवर प्रसिद्ध झाले. त्यावर बहुधा कलावंताचे नाव नसे आणि मूळ कलाकृतीही जपली जात नसे. कर्ता निश्चित करता न आल्यास श्रेय आणि मोबदला दोन्ही देता येत नाहीत.

शिक्षण आणि जतन

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत भूमितीबरोबर अक्षरलेखनाचाही समावेश आहे. अनेक विद्यार्थ्यांचा या कलेशी पहिला औपचारिक परिचय या परीक्षांतून होतो. उपयोजित कलेच्या महाविद्यालयांत सुलेखन आणि मुद्राक्षररचना हे विषय शिकविले जातात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या पुढाकाराने ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद भरविली जाते. मोडी वाचनाचे वर्गही विविध संस्थांतर्फे चालविले जातात.

संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आरंभी बोरू किंवा पट्टीची लेखणी हाताळण्यास दिली जाते. पडद्यावर कोणतीही वक्ररेषा सारख्याच सहजतेने काढता येते. कोणती वक्ररेषा देवनागरीच्या प्रकृतीला धरून आहे, हे लेखणीच्या कोनाच्या अनुभवातून समजते.

मूल्यमापन

अक्षरलेखनाच्या भवितव्याविषयी दोन प्रकारची मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार साधनांचे परिवर्तन हा या कलेच्या इतिहासाचा स्वाभाविक भाग आहे. शिळाछापाने लेखनिकाचे, खिळ्याने शिळाछापाचे आणि संगणकाने जुळाऱ्याचे काम घेतले, तरी वाचकसंख्या वाढली आणि मुद्रण स्वस्त झाले. फुकट उपलब्ध असलेल्या युनिकोड टंकांमुळे छोट्या गावातील प्रकाशकालाही सुबक अक्षरे वापरता येतात.

दुसऱ्या मतानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेची स्थिती पूर्वीच्या यंत्रांहून वेगळी आहे. खिळा किंवा टंक घडविण्यासाठी अक्षर जाणणाऱ्या कारागिराची नेमणूक करावी लागे आणि त्याचे काम वापरण्यापूर्वी त्याला मोबदला मिळे. चित्रनिर्मिती करणारी प्रणाली मात्र आधी प्रसिद्ध झालेल्या कामावरून, कर्त्याला न विचारता शिकते. तसेच पत्रिका, छोट्या जाहिराती आणि साधे फलक ही जी कामे यंत्राकडे सर्वप्रथम जातात, त्यांवरच नवोदित अक्षरलेखक उमेदवारीच्या काळात उदरनिर्वाह करीत आला आहे. ही पायरी नाहीशी झाल्यास पुढील पिढीतील निष्णात अक्षरलेखक कोठून तयार होणार, असा प्रश्न उपस्थित केला जातो.

दोन्ही मतांत एका मुद्द्यावर विरोध नाही. यंत्राने काढलेला ‘दर्या’ योग्य आहे की तेथे ‘दऱ्या’ हवे होते, जोडाक्षर बरोबर जुळले आहे की नाही आणि शिरोरेषेखालील वळण हे अक्षर आहे की केवळ अक्षराचा आभास, हे ठरविण्यासाठी अक्षराची जाण असलेली नजर लागते. ती नजर आतापर्यंत हाताने अक्षर गिरवण्याच्या सरावातून घडत आली आहे.

हे सुद्धा पहा

देवनागरी
मोडी लिपी
निर्णयसागर छापखाना
कमल शेडगे
र. कृ. जोशी
युनिकोड